गाडीत फोर-चॅनल ॲम्प बसवताना: बॅटरीपासून गेनपर्यंत

ठाण्याच्या घोडबंदर रोडवर किंवा नवी मुंबईच्या ऐरोली पुलाच्या रांगेत रोज तासभर गाडीत काढणाऱ्याला चांगल्या आवाजाची किंमत सांगावी लागत नाही. कंपनीच्या स्टिरिओचा आवाज जरा वाढवला की तो फाटायला लागतो, दाराचं प्लास्टिक खरखरतं, आणि तबला कुठला, बेस गिटार कुठली, काही कळेनासं होतं. स्टिरिओच्या आत ॲम्प्लिफायरची एक चिप असते. डब्यावर ‘५० × ४’ असं छापलेलं असलं तरी ती चिप एका चॅनलला, म्हणजे एका स्पीकरच्या वाटेला, स्वच्छ असे वीसेक वॅटच देते. त्यापुढे ती आवाज वाढवत नाही, फक्त कुरतडते. वेगळा ॲम्प लावायचा तो एवढ्यासाठी.

हे काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका रविवारी होतं. गाडीचं वायरिंग आधी कधी उघडलं नसेल तर दोन रविवार हाताशी ठेवा. इथे मी फोर-चॅनल ॲम्प धरून चाललो आहे: दोन चॅनल पुढच्या दारांतल्या स्पीकरना, उरलेले दोन एकत्र जोडून, म्हणजे ब्रिज करून, एका सबवूफरला, म्हणजे फक्त खोल बेस वाजवणाऱ्या ‘सब’ला. मागच्या दारांतले स्पीकर स्टिरिओवरच राहू द्या, मागे बसणाऱ्यांना तेवढं पुरतं. फाइव्ह-चॅनल ॲम्प असेल तर पाचवा चॅनल सबचा, बाकी सगळी कृती हीच.

एक गोष्ट आधीच सांगतो. बजेट तुटपुंजं असेल तर ॲम्प लहान घ्या, पण वायर आणि फ्यूज यांच्यात काटकसर करू नका. मध्यम ॲम्प नीट वायरिंगवर सुरेख वाजतो. महागडा ॲम्प बारीक वायरवर गुदमरतो, आणि चुकीच्या फ्यूजवर गाडीच पेटवू शकतो.

आकड्यांचा हिशेब

ॲम्पच्या खोक्यावर ‘२००० वॅट’ असं ठळक छापलेलं असतं. तो क्षणभराचा पीक आकडा, त्याकडे बघूच नका. आपल्याला हवा तो आरएमएस, म्हणजे ॲम्प सतत देऊ शकतो ती ताकद, तीही ४ ओहमवरची (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा अडथळा), एका चॅनलची. खोक्यावर तो सापडला नाही तर ॲम्पच्या कडेला लावलेले फ्यूज बघा. त्यांच्या ॲम्पिअरची बेरीज करा, १३.८ व्होल्टने गुणा. ॲम्प क्लास डी असेल (हा प्रकार वीज कमी वाया घालवतो) तर त्याचे ८० टक्के, क्लास एबी असेल तर ६० टक्के. ॲम्पकडून यापेक्षा फार जास्त कधीच मिळणार नाही. ३० ॲम्पिअरचा फ्यूज म्हणजे ४१४ वॅट आत, आणि क्लास डीमध्ये साधारण ३३० वॅट बाहेर. मग २००० कुठून आले, हे दुकानातच विचारता येतं.

उदाहरणासाठी ४ × ६० वॅट आरएमएसचा क्लास एबी ॲम्प घेऊ. पुढचे दोन चॅनल मिळून १२० वॅट, मागचे दोन ब्रिज करून साधारण १८०, एकूण ३००. क्लास एबी म्हणून ३०० भागिले ०.६, म्हणजे ५०० वॅट बॅटरीकडून जाणार. ५०० भागिले १३.८ केले की ३६ ॲम्पिअर. गाणं वाजताना सरासरी याच्या बरीच खाली असते, पण वायर आणि फ्यूज निवडायचे ते या आकड्यावर.

गेज म्हणजे वायरीच्या जाडीचं माप, आकडा लहान तेवढी वायर जाड. पाच मीटर लांबीच्या ८ गेज तांब्याच्या वायरीतून ३६ ॲम्पिअर गेले की वायरीतच सुमारे ०.३७ व्होल्ट खर्च होतात. चालण्यासारखं आहे. ४ गेज घेतली तर जेमतेम ०.१५. पुढेमागे मोठा ॲम्प घ्यायचा विचार असेल तर आत्ताच ४ गेज ओढून ठेवा, कारण गालिचे आणि पट्ट्या दुसऱ्यांदा काढायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो. आपल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गेज चालत नाही, तिथे चौरस मिलिमीटर सांगावे लागतात: ८ गेज म्हणजे जवळपास साडेआठ, ४ गेज म्हणजे २१. पण घरगुती वायरिंगची वायर बोनेटखाली नको. तिथली उष्णता आणि तेल सोसायला तिचं आवरण बनवलेलं नसतं.

लॅमिंग्टन रोडला घ्या, ठाण्यात घ्या की ऑनलाइन मागवा, ‘किट’ म्हणून मिळणाऱ्या वायरीची परीक्षा केल्याशिवाय पैसे देऊ नका. या वायरीत पुष्कळदा आतून ॲल्युमिनियम असतं आणि वरून तांब्याचा पातळ मुलामा. टोकाची तार ब्लेडने खरवडा. आतून पांढरी चकाकली तर ॲल्युमिनियम. तिची वीज वाहण्याची क्षमता शुद्ध तांब्याच्या दोनतृतीयांशाहून कमी असते, म्हणजे ८ गेज म्हणून घेतलेली वायर काम करते १० गेजचं. शिवाय आपली हवा खाडीची. दमट, खारट हवेत ॲल्युमिनियमच्या जोडावर फार लवकर पांढरी पूड जमते. नुसतं ‘कॉपर’ लिहिलेलं पुरेसं नाही, ‘ओएफसी’, म्हणजे ऑक्सिजनविरहित तांबं, मागा आणि तरीही खरवडून बघा.

बाकी सामान थोडं आहे. फ्यूज होल्डर आणि ४० किंवा ५० ॲम्पिअरचा फ्यूज, वायरीच्या टोकाला लावायचे तिच्या मापाचे तांब्याचे लग, लग दाबायचा क्रिंपर, स्टिरिओकडून ॲम्पला सिग्नल नेणारी आरसीए केबल, सबसाठी जाडसर स्पीकर वायर, रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारं कडं), बोनेटखालच्या वायरीसाठी काळी नालीदार नळी, पॉलिश पेपर, १० नंबरचा पाना आणि डिजिटल मल्टिमीटर. मल्टिमीटर साधा चालेल, पण तो नसेल तर काम सुरूच करू नका.

जागा

हॅचबॅकमध्ये ॲम्पच्या तीन जागा होतात: पुढच्या सीटखाली, डिकीच्या कडेला, किंवा मागच्या सीटच्या पाठीवर डिकीकडून. सीटखालची जागा वायरीच्या लांबीच्या दृष्टीने उत्तम, पण आपल्या भागात तिला एक मोठं वजाबाकीचं कारण आहे. जोराचा पाऊस आणि भरती एकत्र आली की विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली किंवा ठाण्यात वंदना सिनेमाच्या परिसरात पाणी साचतं. नवी मुंबईचा बराच भाग तर भराव घालून वसवलेला आहे. भरतीच्या वेळी पाणी साठवायला सिडकोने धारण तलाव बांधले ते त्याचसाठी. अशा रस्त्याने रोजचं जाणं असेल तर ॲम्प जमिनीलगत नको. सीटखालीच लावायचा झाला तर खाली वॉटरप्रूफ प्लायचा तुकडा घालून तीन-चार सेंटिमीटर उंच बसवा आणि वरून दोन बोटं हवा खेळू द्या. सीट पुढे-मागे सरकवून बघा, रुळात वायर अडकता कामा नये. ॲम्प उलटा टांगू नका. उष्णता वर जाते, आणि उलट्या ॲम्पमध्ये ती आतच कोंडते.

सीटखाली पिवळ्या रंगाचा कप्लर दिसला तर त्याला हात लावायचा नाही. तो एअरबॅगचा असतो. दाराच्या खांबातून किंवा उंबऱ्याच्या पट्टीखालून जातानाही पिवळ्या वायरी दिसतील, त्यांच्यापासून लांब राहा, त्यांना आपली वायर बांधू नका. इलेक्ट्रिक गाडीत हाच नियम केशरी केबलला, आणि तो जास्त कडक, कारण तिथे शेकडो व्होल्ट असतात. आपलं काम फक्त १२ व्होल्टच्या लहान बॅटरीशी.

सीएनजी गाड्यांबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण ठाणे-नवी मुंबईत त्या घरटी आहेत. गाडीच्या तळाशी स्क्रू मारण्याआधी खाली वाकून बघा. पेट्रोलची नळी, ब्रेकची नळी आणि सीएनजीची उच्च दाबाची नळी बहुधा तळाखालूनच जाते. पाऊण इंची स्क्रू पत्रा फोडून नळीपर्यंत सहज पोचतो. म्हणून मी तर म्हणेन, पत्र्याला भोकच पाडू नका. ॲम्प प्लायवर बसवा आणि प्लाय गालिच्याला जाड वेल्क्रोने किंवा सीटच्या आधीपासून असलेल्या ब्रॅकेटला बांधा. डिकीत सिलिंडर असेल तर ॲम्प आणि फ्यूज त्याच्या व्हॉल्व्हजवळ नको. आणखी एक: सिलिंडरची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी होते, तेव्हा तो पूर्ण बाहेर काढतात. ॲम्पची वायर सिलिंडरच्या पट्ट्याखालून नेलीत तर त्या दिवशी कुणीतरी ती कापून मोकळा होईल.

बॅटरीपासून ॲम्पपर्यंत

पहिलं काम: बॅटरीचा मायनस टर्मिनल काढा. आधी मायनसच, प्लस नाही. प्लस सोडवताना पाना चुकून बॉडीला टेकला आणि मायनस जोडलेला असला तर तिथेच शॉर्ट होतो. मायनस आधी सुटलेला असेल तर पाना बॉडीला लागला तरी काही होत नाही. काही गाड्यांत बॅटरी काढल्यावर स्टिरिओ कोड मागतो, तो कोड गाडीच्या कागदपत्रांत आधी शोधून ठेवा. पॉवर विंडोही पुन्हा शिकवाव्या लागतात, त्याची कृती गाडीच्या मॅन्युअलमध्ये असते.

आता फ्यूज. बॅटरीच्या प्लसपासून वायरीच्या लांबीने ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज होल्डर बसलाच पाहिजे. पुष्कळांना वाटतं की हा फ्यूज ॲम्पसाठी आहे. ॲम्पला स्वतःचे फ्यूज असतात. हा फ्यूज वायरीसाठी आहे. बोनेटपासून मागपर्यंत जाणारी ही जाड वायर कुठे घासून सोलली आणि बॉडीला टेकली तर बॅटरी तिच्यातून शेकडो ॲम्पिअर ढकलते. वायर लाल होते, आवरण पेट घेतं, त्याखाली गालिचा असतो. बॅटरीजवळचा फ्यूज हे क्षणात थांबवतो. डिकीत लावलेला फ्यूज काही थांबवू शकत नाही, कारण शॉर्ट त्याच्या आधीच झालेला असतो. म्हणून ८ गेजच्या तांब्याच्या वायरीला ५० ॲम्पिअरच्या वरचा फ्यूज लावू नका, आणि वारंवार उडतो म्हणून मोठा फ्यूज टाकणं हा तर विस्तवाशी खेळ आहे. उडणारा फ्यूज काहीतरी सांगत असतो, ते शोधा. होल्डर बसवा, पण फ्यूज आत्ता घालू नका. तो अगदी शेवटी.

बोनेटमधून आत येताना कंपनीच्या वायरी जिथून येतात तिथे मोठा रबरी ग्रोमेट असतो. त्याच्या कडेला लहानशी चीर पाडून आपली वायर घाला. नवीन भोक पाडायचीच वेळ आली तर वेगळा ग्रोमेट बसवल्याशिवाय वायर घालू नका, पत्र्याची धार काही महिन्यांत आवरण कापते. बोनेटखालची सगळी वायर नालीदार नळीत घाला, एक्झॉस्टपासून आणि फिरणाऱ्या बेल्टपासून दूर बांधा. ग्रोमेटजवळ वायरीला खाली झोल द्या, म्हणजे पावसाचं पाणी झोलातून ठिबकेल, वायरीवरून ओघळत केबिनमध्ये येणार नाही.

आत आल्यावर उंबऱ्याच्या प्लास्टिक पट्ट्या उचलून वायर मागे न्या. पॉवरची वायर गाडीच्या एका बाजूने, आरसीए आणि स्पीकरच्या वायरी दुसऱ्या बाजूने. एकत्र बांधल्या तर इंजिनाचा सूर स्पीकरमधून ऐकू येण्याची शक्यता वाढते.

अर्थ

अर्थ म्हणजे ॲम्पच्या मायनसची गाडीच्या बॉडीशी जोडणी. बिघाडाचं मूळ शोधताना सगळ्यात आधी इथे बघावं. जेवढा करंट प्लसच्या वायरीतून येतो, तेवढाच अर्थच्या वायरीतून परत जातो. म्हणून अर्थची वायरही तेवढीच जाड, आणि लांबी ४५ सेंटिमीटरपेक्षा कमी. ॲम्पजवळच बॉडीचा जाड पत्रा शोधा, तिथला रंग पॉलिश पेपरने घासून रुपयाच्या नाण्याएवढी जागा चकचकीत करा. रंग अजिबात राहू देऊ नका, रंगातून वीज जात नाही. लग बोल्टने, स्टार वॉशर घालून घट्ट बसवा. मग वरून व्हॅसलीन किंवा गंजरोधक ग्रीस लावा. हे शेवटचं पाऊल पुण्यात चुकवलं तर कदाचित चालेल, खाडीकाठी नाही: उघडा पत्रा एका पावसाळ्यात गंजतो आणि मग ॲम्प कधी चालतो, कधी बंद पडतो.

सीटबेल्टचा बोल्ट अर्थसाठी वापरू नका. तो अपघातात जीव वाचवायला ठरावीक ताकदीने आवळलेला असतो. सीटच्या रुळाचा बोल्टही टाळा.

सिग्नलला गाडी थांबली की ज्यांचं इंजिन आपोआप बंद होतं, त्या गाड्यांत बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर बहुधा एक छोटा सेन्सर असतो. बॅटरीत किती वीज येते-जाते ते तो मोजतो. तुम्ही ॲम्पचा अर्थ थेट त्या मायनसच्या खांबावर बांधलात तर ॲम्पचा करंट सेन्सरला दिसतच नाही आणि गाडीचा हिशेब चुकतो. अर्थ बॉडीलाच द्या.

सिग्नल आणि रिमोट

बाहेरून बसवलेला स्टिरिओ असेल तर काम सोपं आहे. मागे आरसीएचे सॉकेट असतात आणि निळ्या-पांढऱ्या पट्ट्याची रिमोट वायर असते. स्टिरिओ चालू झाला की तिच्यात १२ व्होल्ट येतात आणि ॲम्प जागा होतो. ही वायर चुकूनही बॅटरीच्या कायमच्या प्लसला जोडू नका. ॲम्प रात्रभर चालू राहील आणि सकाळी गाडी धक्का मारून काढावी लागेल.

कंपनीच्या टचस्क्रीनला मात्र सहसा आरसीएही नसतं, रिमोटही नसते. तेव्हा ॲम्पचा हाय-लेव्हल इनपुट वापरायचा: स्टिरिओकडून स्पीकरला जाणाऱ्या वायरी थेट ॲम्पला. बऱ्याच ॲम्पमध्ये हा सिग्नल ओळखून आपोआप चालू होण्याची सोय असते. ती नसेल तर मध्ये लाइन-आउट कन्व्हर्टर (स्पीकरचा सिग्नल आरसीएच्या पातळीवर आणणारा डबा) लावा, आणि रिमोटसाठी किल्लीबरोबर चालू होणाऱ्या फ्यूजवरून फ्यूज टॅपने १२ व्होल्ट घ्या. कंपनीच्या स्टिरिओच्या स्पीकर वायरींपैकी मायनसची वायर कधीही अर्थला जोडू नका. तिच्यातही सहाएक व्होल्ट असतात, अर्थला लागली की स्टिरिओची चिप जळते.

गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीची वायर कापू नका. बहुतेक मॉडेलसाठी मधला कप्लर मिळतो, एका टोकाला गाडीची सॉकेट, दुसऱ्या टोकाला स्टिरिओची. पैसे थोडे जास्त पडतात, पण पुढे कधी सगळं मूळपदावर आणायचं झालं तर पाच मिनिटांचं काम.

बाहेरच्या स्टिरिओंचे वायरींचे रंग बहुधा ठरलेले असतात: पांढरा पुढचा डावा, राखाडी पुढचा उजवा, हिरवा मागचा डावा, जांभळा मागचा उजवा. काळी रेघ असलेली त्याच रंगाची वायर मायनस. कंपनीच्या वायरिंगमध्ये मात्र प्रत्येक गाडीचे रंग वेगळे, तिथे अंदाज नको. स्टिरिओचा कप्लर पूर्ण काढा आणि दीड व्होल्टच्या पेन्सिल सेलची दोन टोकं एका जोडीला क्षणभर टेकवा. ज्या स्पीकरमधून ‘खट्’ आवाज येईल ती त्याची जोडी. स्पीकरचा कागद बाहेर आला तर सेलचं प्लस ज्या वायरीला लागलं ती प्लस, आत गेला तर उलटं.

स्पीकर आणि ब्रिज

बहुतेक हॅचबॅकच्या पुढच्या दारात साडेसहा इंची स्पीकर बसतो. दाराचं पॅनल काढल्यावर आत प्लास्टिकचा कागद चिकटवलेला दिसेल. तो फाडून फेकू नका. पावसाचं पाणी काचेवरून दारात उतरतं आणि खालच्या भोकांतून बाहेर जातं, हा कागद ते केबिनमध्ये येऊ देत नाही. काम झालं की तो पुन्हा चिकटवा. स्पीकरखाली एमडीएफची रिंग घालू नका, पहिल्याच पावसाळ्यात ती फुगते. प्लास्टिकची घ्या.

सबसाठी ब्रिज करताना ॲम्पवर छापलेली खूण बघा. बहुधा एका चॅनलचं प्लस आणि दुसऱ्याचं मायनस असं जोडायचं असतं. ओहमकडे इथे नीट लक्ष द्या. ब्रिज केल्यावर प्रत्येक चॅनलला सबच्या निम्माच ओहम जाणवतो. ४ ओहमचा सब म्हणजे प्रत्येकाला २, आणि तेवढं बहुतेक फोर-चॅनल ॲम्प सोसतात. २ ओहमचा सब लावला तर प्रत्येकाला १, तिथे ॲम्प तापून बंद पडतो किंवा जळतो. दोन कॉइलचा सब घेत असाल तर २-२ ओहमचा घ्या: दोन्ही कॉइल सिरीजमध्ये जोडल्या की ४ होतात. ४-४ चा सब पॅरललमध्ये २ होतो, सिरीजमध्ये ८, आणि दोन्ही आपल्या कामाचे नाहीत.

पहिल्यांदा चालू करताना

ॲम्पच्या टोकाला पॉवर वायर जोडण्याआधी मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून ती वायर आणि बॉडी यांच्यात तपासा. बीप आला तर वायर कुठेतरी बॉडीला लागली आहे, ती आधी शोधा. बीप नसेल तर ॲम्पची सगळी जोडणी करा, गेन पूर्ण खाली, बेस बूस्ट शून्यावर. बॅटरीचा मायनस जोडा. शेवटी मुख्य फ्यूज घाला. त्या क्षणी छोटी ठिणगी दिसेल. ॲम्पमधले कपॅसिटर भरतात म्हणून ती पडते, घाबरायचं कारण नाही. स्टिरिओ चालू करा. ॲम्पवर प्रोटेक्टचा लाल दिवा लागून राहिला तर लगेच बंद करा आणि स्पीकर वायरींचे शॉर्ट तपासा.

गेन

गेनचं बटण आवाज वाढवायचं नाही. स्टिरिओकडून येणाऱ्या सिग्नलची पातळी ॲम्पच्या क्षमतेशी जुळवणं एवढंच त्याचं काम. ते पुढे रेटलं की ॲम्प लवकर पूर्ण ताकदीला पोचतो आणि लहरीचे माथे कापले जातात. असा कापलेला सिग्नल स्पीकरच्या कॉइलला भाजतो. ‘ॲम्प मोठा होता म्हणून स्पीकर गेला’ असं ऐकू येतं, पण पुष्कळदा तो जातो गेनमुळे.

नीट गेन लावायला एक आकडा काढावा लागतो: वॅट गुणिले ओहम, आणि त्याचं वर्गमूळ. ६० वॅट आणि ४ ओहम म्हणजे २४० चं वर्गमूळ, १५.५ व्होल्ट. ब्रिज केलेल्या १८० वॅटसाठी ७२० चं वर्गमूळ, २६.८ व्होल्ट. स्पीकरच तुमचा ४० वॅटचा असेल तर हिशेबात ६० नाही, ४० घ्या.

स्पीकरच्या वायरी ॲम्पपासून काढा. स्टिरिओचे बेस-ट्रेबल मध्यावर, लाउडनेस बंद, ॲम्पचे क्रॉसओव्हर (कुठल्या स्पीकरला कुठले सूर जायचे ते ठरवणारी बटणं) ‘फुल’वर, इंजिन चालू. शून्य डेसिबलचा टेस्ट टोन पेनड्राइव्हवर घेऊन वाजवा. ब्लूटूथवरून नको, फोनचा स्वतःचा व्हॉल्यूम मध्ये येतो. पुढच्या चॅनलसाठी सगळीकडे १ किलोहर्ट्झचा टोन सांगतात, पण स्वस्त मल्टिमीटर तेवढ्या फ्रिक्वेन्सीवर एसी व्होल्ट नीट दाखवत नाही. त्याच्या पत्रकात साधारण ४०० हर्ट्झपर्यंतचीच खात्री दिलेली असते. म्हणून पुढच्यांना १०० हर्ट्झ आणि सबला ५० हर्ट्झ वापरा. स्टिरिओचा आवाज कमाल आकड्याच्या तीनचतुर्थांशावर न्या, म्हणजे ४० पैकी ३०. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून टोकं ॲम्पच्या स्पीकर टर्मिनलला लावा आणि गेन हळूहळू वाढवत काढलेल्या आकड्यावर थांबा. दोन्ही जोड्यांचं झालं की स्पीकर परत जोडा. इथून पुढे ३० हीच तुमची मर्यादा, त्याच्या वर स्टिरिओ नेऊ नका.

क्रॉसओव्हर आता परत लावा. पुढच्या स्पीकरना हाय-पास ८० हर्ट्झ, म्हणजे त्याच्या वरचेच सूर जातील, सबला लो-पास ८० हर्ट्झ, म्हणजे खालचेच. दारातल्या स्पीकरवरचं खोल बेसचं ओझं उतरतं आणि तो आवाज न फाटता कितीतरी मोठा वाजतो. ॲम्प घेऊनही फरक जाणवत नाही म्हणणाऱ्यांचं पुष्कळदा हेच बटण राहून गेलेलं असतं. मग सबचं फेज ० आणि १८० करून बघा. ड्रायव्हरच्या सीटवर बसून ज्यात बेस भरीव वाटेल ते ठेवा.

कानाने शेवटची जुळवणी करायला तबल्याचं स्वच्छ ध्वनिमुद्रण लावा. डग्ग्याची घुमारी सब आणि दाराचा स्पीकर यांच्या सांध्यावरच येते. घुमारी मागच्या डिकीतून वेगळी आल्यासारखी वाटली तर सबचा गेन थोडा कमी करा. तबला समोर डॅशबोर्डवर बसलेला वाटला पाहिजे. पार्किंगमध्ये जुळवलेला बेस रस्त्यावर कमी वाटतो, टायरचा आवाज तो गिळतो. म्हणून रहदारी कमी असताना पाम बीच मार्गावर एक फेरी मारा आणि मगच पक्कं करा. बटणं सोबतच्याने फिरवायची, चालवणाऱ्याने नाही. आणि हे सगळं दिवसा. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, दिवसा ५५. सबचा बेस भिंतीतून जातो आणि स्टिल्टच्या वरच्याच मजल्यावर कुणाचं तान्हं बाळ झोपलेलं असतं.

बिघाड शोधताना

इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी येत असेल तर आधी अर्थ. गाणं मोठ्याने चालू ठेवून मल्टिमीटर डीसी व्होल्टवर लावा, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं ॲम्पच्या अर्थ टर्मिनलला. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर कुठेतरी रंग राहिला आहे किंवा बोल्ट सैल आहे. अर्थ ठीक निघाला तर आरसीए केबल ॲम्पकडून काढून बघा. शिट्टी थांबली तर ती केबलमधून किंवा स्टिरिओकडून येते आहे.

बेसच्या ठोक्याला हेडलाइट मंदावत असतील तर बॅटरीच्या खांबांवर आणि ॲम्पच्या टर्मिनलवर व्होल्ट मोजा. दोन्हीत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर वायर किंवा लगची क्रिंप खराब. फरक नसेल आणि बॅटरीवरच व्होल्ट पडत असतील तर बॅटरी थकली आहे. इंजिन बंद ठेवून गाणी ऐकण्याची सवय हे त्याचं नेहमीचं कारण. लहान पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ ॲम्पिअर-अवरची असते आणि १० ॲम्पिअरचा ॲम्प तिला दीड तासात निम्म्याच्या आसपास आणतो.

ॲम्प तापून थोड्या वेळाने बंद पडतो आणि गार झाल्यावर चालू होतो? सबचे ओहम पुन्हा मोजा, मग हवा खेळते का बघा. एकच बाजू मुकी असेल तर डावी-उजवी आरसीए अदलाबदल करा. मुकेपणा दुसऱ्या बाजूला गेला तर दोष स्टिरिओ किंवा केबलमध्ये, जागेवरच राहिला तर ॲम्प किंवा स्पीकरमध्ये.

महिनाभराने फ्यूज होल्डर, अर्थचा बोल्ट आणि ॲम्पचे स्क्रू एकदा आवळा. तांब्याची बारीक तार दाबाखाली बसते आणि जोड सैल होतो. मे महिन्याच्या शेवटी अर्थवरचं ग्रीस पुसून जागा बघा, हिरवट-पांढरं काही दिसलं तर घासून पुन्हा लावा. आणि पावसाळ्यात कधी केबिनमध्ये पाणी शिरलंच, तर इंजिन बंद करून आधी बॅटरीजवळचा मुख्य फ्यूज काढा. ॲम्प बाहेर काढून उघडा करून दोन-तीन दिवस पंख्याखाली ठेवा, कपॅसिटरच्या आसपास ओल नाही याची खात्री करा, आणि मगच फ्यूज परत घाला.